बाळाचं नाव इस्साखार ठेवल्यापासून

लालबाग, मंगळवार

ती. रिव्काआत्यास एलियाबचा शालोम आणि नमस्कार.

गुडघे कसे आहेत? तिकडे इस्रायलमध्ये अश्दोदला ताजे बोंबील मिळत नाहीत म्हणून तुम्ही खंगलात असं ऐकलं. फोटोत तरी तसं दिसत नाही. (फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र.)

आत्या, मी बुडालो. इतक्या वर्षांनी घरात पाळणा हलला आणि तुम्ही रडून रडून आजोबांचं नाव ठेवायला लावलंत, इस्साखार. अर्थ विचारला तर म्हणालात, "बक्षीस रे, देवाचं बक्षीस." मिलेच्या दिवशी, सुंता झाल्यावर, सिनेगॉगच्या हझानसाहेबांनी ते नाव पुकारलं आणि शेजारच्या राधाबाईंनी मला बाजूला घेतलं, "खार? ती झाडावरची?" संध्याकाळपर्यंत चाळीतली पोरं शेंगदाणे घेऊन दारात उभी! मंडळाच्या हितेंद्रने प्रेमाने नाक्यावर बॅनर लावला, "चि. ईशा खरे हिच्या जन्माबद्दल हार्दिक अभिनंदन". (खाली फोटो माझा.) तेव्हापासून घरात नुसते फ्रॉक येताहेत.

हेही सोसलं असतं. पण माझे सासरे, हदासाचे वडील, बाळाच्या नवसाच्या मलिद्याला आले आणि त्यांना अर्थ हवा झाला. मी तुमचं बक्षीस सांगितलं, तर त्यांनी चष्मा पुसून पवित्र तोराची पोथी उघडली. निघालं ते असं : याकोबच्या दोन बायका, सख्ख्या बहिणी. लेआने आपल्या मुलाने शेतातून आणलेली कसलीशी फळं बहिणीला, राहेलला दिली आणि त्या बदल्यात नवरा एका रात्रीपुरता भाड्याने घेतला. त्यातून हा झाला, म्हणून नाव इस्साखार, म्हणजे मजुरी. सासरे सगळ्या पाहुण्यांसमोर खणखणीत वाचत होते (त्यांचा आवाज तुम्हाला ठाऊक आहे), मलिद्याची ताटं लोकांच्या हातात तशीच राहिली. मी म्हटलं, बाबा, पुरे. तर म्हणाले, "थांबा हो, मरताना बापाने आशीर्वाद काय दिला ते बघू." बघितलं. बापाने त्याला बळकट गाढव म्हटलंय.

हदासा एवढंच म्हणाली, "इतके डॉक्टर केले, उपास केले, ते गाढवासाठी?" आणि बाळाला घेऊन शीवला माहेरी निघून गेली. मी समजवायला गेलो तर सासऱ्यांनी दार अर्धंच उघडलं. आजोबांनी गिरणीत कापसाच्या गासड्या वाहून तुम्हा सगळ्या भावंडांना वाढवलं, हे मी जिन्यात उभं राहूनच ओरडून सांगितलं. इथे रिकामा पाळणा पंख्याच्या वाऱ्याने हलतो, आत्या, आणि मी त्याच्याकडे बघत पाव खातो.

बाकी सर्व ठीक. घरच्यांना शालोम सांगा.

तुमचा,
एलियाब

ता. क. खरं काम हे : हदासाला फोन करा आणि सांगा की तुमची चूक झाली, आजोबांचं नाव डॅनियल होतं. वयामुळे विसर पडला म्हणा. पाप लागलं तर माझ्या माथी. एलियाहू हन्नाबीला मी आणखी एका मलिद्याचा नवस बोललोय.

ता. क. २. पाकीट चिकटवत होतो, तोच हदासाचा फोन. बाळाला लस द्यायला दवाखान्यात गेली होती. नाव ऐकून तिथला कंपाउंडर हसला, म्हणाला, "काहीतरी साधं ठेवा ना, मॅडम." तिने त्याला सगळ्या पेशंटांसमोर फैलावर घेतलं : "याच्या पणजोबांचं नाव आहे ते, पाठ मोडेपर्यंत राबले ते. नीट म्हण." तो नीट म्हणेपर्यंत खुर्चीवरून उठली नाही. उद्या घरी येतेय. आत्या, वरचं वाचून फोन हातात घेतला असेल, तर कृपा करून खाली ठेवा.