धाकट्याला कळवायचं राहिलंय

११ मार्च

मूळव्याध नाही! वर्षभर मूळव्याध समजून मलम लावत बसलो. दुर्बिणीनं पाहिलं तर मोठ्या आतड्यात गाठ. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीपेक्षाही लहान. कागदावर आतडं काढलं, गाठीवर पेन टेकवलं. "आजोबा, हा कॅन्सर आहे. वेळेत सापडलाय असं धरून चालू."

धरून चालू म्हणजे? बाहेर आल्यावर बायकोला पुन्हा पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "म्हणजे धरून चालायचं. आता माझा हात धरा आणि रस्ता ओलांडा."

२० मार्च

उद्या ऑपरेशन. गाठीपुरतंच कापणार ना, विचारलं. डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या, दोन्ही बाजूंचं थोडं चांगलं आतडंही काढणार, मग टोकं जोडणार. हे पटलं. इस्त्रीनं कापड जळलं तर आम्हीही डागाच्या बाहेरूनच कात्री फिरवतो.

"आणि शिवणार कुठल्या दोऱ्यानं?"

"मशीननं. बारीक स्टेपल असतात."

स्टेपल! जन्मभर शिंपीकाम केलं आणि माझं आतडं कागदासारखं टाचणार! "उसवलं तर आणा हं माझ्याकडे," असं म्हणून हसल्या. उसवलं तर! ही काय थट्टेची गोष्ट आहे?

२ एप्रिल

घरी. बेंबीला वळसा घालून खाली लांब चीर. पोटातला वारा सरेपर्यंत खायला देत नव्हते. सरला तेव्हा नर्सनं टाळ्या वाजवल्या. या गोष्टीचं कौतुक जन्मात पहिल्यांदाच झालं.

९ एप्रिल

रिपोर्ट आला. आतड्याबरोबर काढलेल्या ग्रंथींपैकी दोनमध्ये कॅन्सर पोचला होता. म्हणून केमो. कुठे राहिला असेल तर मरावा म्हणून. 'असेल तर' — म्हणजे नसेलही! पण असेलही.

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सख्खी भावंडं?"

"एक. धाकटा."

"त्यांना सांगा, दुर्बिणीनं तपासून घ्या. त्रास नसला तरी. रक्ताच्या नात्यात धोका जास्त असतो."

मुलीनं लगेच तपासणीची तारीख घेतली. धाकट्याला कोण सांगणार? किती वर्षं झाली, आमचं बोलणं नाही.

१२ एप्रिल

दुकान दोघांचं होतं. मी कापायचो, तो शिवायचा. तयार कपडे आले आणि गिऱ्हाईक आटलं. दुसऱ्या शहरात कारखान्यात काम मिळत होतं, दोघांनाही. मी म्हटलं, जाऊन काही झालं तर? तो भडकला — "तुझं आयुष्यभर तेच! काही झालं तर! बस इथेच भीत." मी म्हटलं, जा. तो गेला.

पायमशीनच्या आवाजावरून मला कळायचं, आता कॉलर चालू आहे की बाही. तो गेल्यावर दुकान फार शांत झालं. रेडिओ आणला. रेडिओशी भांडता येत नाही.

त्याच्या पोटातही आत्ता गाठ वाढत असेल तर? आणि मी इथे बसून लिहितोय!

२८ एप्रिल

पहिला केमो झाला. औषध असं की गार वस्तूला हात लावला की मुंग्या, झटके. कात्री उचलली आणि टाकून दिली. पाणीसुद्धा कोमट. बायको म्हणाली, "भाऊजींना फोन करा ना आता." म्हटलं, फोन गार लागतो.

"हातमोजा घालून करा!"

नंबर लावला. घंटा वाजायच्या आत ठेवला.

३० एप्रिल

आज परत तेच.

६ मे

एक सुचलं. दुकानात कापलेल्या तुकड्यात काही अडचण असली की मी उलट्या बाजूला खडूनं फुली करायचो. फुली म्हणजे — शिवू नको, आधी माझ्याकडे ये. त्यानं ती कधी मोडली नाही. रागात असला तरी उठून यायचा, माझ्यासमोर उभा राहायचा. "बोल, काय घोळ आहे?"

एक बाही कापली. हातमोजा घालून कात्री धरली. कड वाकडी झाली. बोटांना कापड कळतच नाही. फुली केली आणि पोस्टानं पाठवली.

बायकोनं कपाळाला हात लावला. "माणसाला कॅन्सर झालाय आणि हे बाही पाठवतायत!"

९ मे

खडू वाटेत पुसला गेला असेल तर? नुसती बाही पाहून त्याला काय कळणार? म्हणेल, म्हाताऱ्याला वेड लागलं. दोऱ्यानं फुली घालायला हवी होती!

१५ मे

काही नाही. शेवटी बायकोनंच जावेला फोन लावला. माझ्या आजाराचं सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आम्ही येतो."

तपासणीचं सांगितलंस का? "नाही हो, तिनं ठेवलाच फोन." मी इतका ओरडलो की टाक्यांपाशी दुखलं. मग तिचीच माफी मागितली.

१८ मे

जिन्यात पाऊल वाजलं की उठतो. वरच्या मजल्यावरचा मास्तर निघतो. त्याला वाटतं, मी त्याचीच वाट पाहतो. रोज पाच मिनिटं बोलून जातो.

२१ मे

धाकटा एकटाच आला. केस सगळे गेलेत. दारातच म्हणाला, "बोल, काय घोळ आहे?"

मी एका दमात सांगून टाकलं. दुर्बीण, तपासणी, उद्याच्या उद्या, त्रास नसला तरी. तो ऐकत राहिला. मग शर्ट वर केला. बेंबीला वळसा घालून खाली गेलेला व्रण. जुना, पांढरा पडलेला.

"चार वर्षं झाली, दादा. मलाही म्हणाले होते, भावाला कळवा. वाटलं, नुसत्या भीतीनंच मरशील."

चार वर्षं. तेव्हा माझी गाठ केवढी असेल? असेल तरी का?

मी त्याच्याशी बोलत नाहीये. त्याच्या चपला मात्र आत आणून ठेवल्यात, माझ्या खाटेखाली.