परत न दिलेल्या खिडक्या

कळंब,
१२ सप्टेंबर २०२५

ती. ऋतिकदादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे फोन उचलले नाहीत. बोलताना माझा आवाज बदलतो. लिहिताना नीट विचारता येतं.

बिबट्या दिसला की भोंगा वाजवणारी आपली पेटी लाइट जाऊन आली की सुरू होताना अडकायची. त्यावर मी उन्हाळाभर काम केलं. अडकण्याचं कारण तुला सांगितलंच होतं. पेटीतल्या संगणकाचा गाभा, म्हणजे कर्नल, जागा होत असताना कुठलं उपकरण कुठल्या पत्त्यावर आहे याचा नकाशा तयार नसतो. तोवर उपकरणांत डोकावायला मोजक्याच तात्पुरत्या खिडक्या मिळतात. एक उघडायची, उपकरण वाचायचं, खिडकी परत द्यायची, मग पुढचं उपकरण. हे करणारा कोड मी लिहिला आणि तुला टेबलावर लावून बघायला दिला. माझी तपासणी होईपर्यंत कुठे पाठवू नकोस, असंही म्हणाले होते.

काल तोच कोड बोर्डवाल्यांच्या, म्हणजे पेटीतला संगणक बनवणाऱ्यांच्या, इंटरनेटवरच्या जाहीर यादीवर दिसला. लेखक म्हणून तुझं नाव, खाली तुझी सही. ती सही म्हणजे हे काम माझंच आहे अशी शपथ असते, हे तुला माहीत आहे. वर्णनातली वाक्यंही माझीच आहेत, माझ्या स्वल्पविरामांसकट.

सोल्डरिंग मला तू शिकवलंस. बोट भाजलं तेव्हा टूथपेस्ट लावून वर हसलास. म्हणून दुसऱ्या कुणाशी बोलण्याआधी तुला विचारते: हे चुकून झालं का?

मंगलआत्याला नमस्कार. उत्तर लवकर लिही आणि माया आहे तशी ठेव.

तुझी,
वृषाली


जुन्नर,
१८ सप्टेंबर

चि. वृषालीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र म्हंजे कोर्टाची नोटीस वाटली राव! पोस्टमन म्हणाला, भाऊ, चेहरा का पडला, जमिनीची केस हाय का? मामाची पोरगी हाय म्हणालो, त्यापेक्षा केस बरी.

चुकून न्हाई झालं. अवसरी बुद्रुकच्या लोकांनी इच्चारलं, ही पेटी बनवली कुणी? आयटीआय झालेला पोरगा म्हणून कुणी विश्वास ठेवंना. इंटरनेटवर नाव दाखवलं तेव्हा गप झाले. तुझ्यामागं कंपनी हाय, तुझं नाव धा ठिकाणी असतं. माझं एका ठिकाणी लागलं तर काय बिघडलं? घरातलंच व्हतं की.

आणि मी नुसतं उचललं न्हाई बरं का. खिडकी परत द्यायच्या तुझ्या ओळी काढून टाकल्या. टेबलावर दोन कॅमेरे लावून बघितलं, त्याशिवाय बी लई भारी चालतं! बोर्डवाल्यांनी कोड घेतला, अवसरीत पेटी बसली. भाऊबीजेला ये. साडी नको म्हणतेस, तर नवी सोल्डरिंग गन देतो. राग धर, पण दादाला धरून.

तुझा,
ऋतिकदादा


जुन्नर,
२० सप्टेंबर

चि. वृषाले,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

ऋतिक जेवंना झालाय, म्हणून मी लिहिते. काल अवसरीत लाइट जाऊन आली. पेटीचे दिवे लागले, पण बिबट्या उसातून आला तरी भोंगा वाजला न्हाई. तिथली लंकाबाई भोंग्याच्या भरवशावर पाण्याला निघालेली. तिच्या डोळ्यांम्होरं शेळी नेली. तिनं साऱ्या गावात ऋतिकला इच्चारलं, तुझा भोंगा बिबट्याला लाजला का रे?

तू नीट करून दे, पण गुपचूप कर बाई. तुझं नाव मधी आणू नको. त्यानं पाठवलं तवाच मी म्हणलं व्हतं, वृषाली काय परकी हाय का. भावानं बहिणीचं घेतलं तर त्याला चोरी म्हणत न्हाईत. भाऊबीजेला तुझ्या आवडीची मासवडी करते. आत्याला अंतर देऊ नको.

तुझी,
मंगलआत्या


कळंब,
२३ सप्टेंबर

श्री. ऋतिक डुंबरे यांस,
स. न. वि. वि.

तुमचं आणि आत्याचं पत्र काल एकाच दिवशी मिळालं. तिला आधीपासून माहीत होतं, हेही त्यातूनच कळलं.

टेबलावर तुम्ही दोन कॅमेरे लावले होते. अवसरीच्या पेटीला कॅमेरे, सेन्सर धरून नऊ उपकरणं आहेत. खिडक्या सात. परत न देता उघडत गेलात, की सातव्यानंतर खिडकी उरत नाही. भोंगा या नऊंत शेवटचा आहे. म्हणून दिवे लागले आणि भोंगा मुका राहिला. बसवली त्या दिवशीही मुकाच असणार, तुम्ही वाजवून पाहिला नसेल.

दुरुस्ती कालच यादीवर पाठवली. पेटीतही इथूनच इंटरनेटवरून बसवली, तिथल्या लोकांकडून लाइट बंद-चालू करवून भोंगा वाजवून घेतला. लंकाबाईंना फोन करून सांगितलं. हे त्यांच्यासाठी केलं.

गुपचूप मात्र करता येत नाही. दुरुस्तीखाली माझं नाव आहे. कोणत्या बदलातली चूक सुधारली तेही लिहावं लागतं, तिथे तुमच्या बदलाचा उल्लेख आहे. मूळ कोड माझा होता, हे मी लिहिलेलं नाही. तुम्हाला नाव हवं होतं. ते तिथे राहील.

पेटी कुणी बनवली असं गावात मला विचारलं असतं, तर मी तुमचंच नाव सांगितलं असतं. पत्रा तुमचा, वायरिंग तुमचं, खांबावर चढलात तुम्ही. पण विचारलं नाहीत.

भाऊबीजेला येणार नाही. आत्याला मासवडी करू नको म्हणावं.

पत्राच्या शेवटी मायेची एक ओळ लिहायची आपल्यात रीत आहे. ती मी काढून टाकली. त्याशिवायही चालतं.

वृषाली