हिरवी वायर

३ एप्रिल

बोकड संपला! आत्ता तर नवा लावला होता. शिडीवरून पाण्यात हात घालून चाचपला, तर बोराएवढा उरलाय. बोकड म्हणजे बोटीच्या पंख्याजवळ बुडाला लावतात तो मॅग्नेशियमचा गोळा. पाण्याने आधी त्याला खायचं, म्हणजे पंखा आणि दांडा वाचतात. धक्क्यावर सगळे त्याला बोकडच म्हणतात. बाबाही म्हणायचे, आणि वर हसायचे.

मग शोधाशोध. फळी उचलली, तर धक्क्यावरून येणाऱ्या केबलमधली हिरवी वायर, अर्थिंगची, कापलेली! अगदी स्वच्छ. टोकांना टेप गुंडाळलेला. उंदराचं काम नाही हे.

दादाच. दुसरं कोण! बोट दोघांची, एक आठवडा माझा, एक त्याचा. बाबा गेल्यावर तो म्हणाला, विकून टाकू. मी म्हटलं, आधी मला विक. तो म्हणाला, मग बस तिच्यात. बसलेय. चार वर्षं झाली, शब्द नाही.

वायर परत जोडली. वर लाल टेप. कळू दे त्याला.

४ एप्रिल

ऑफिसात दिवसभर लक्ष नव्हतं. हिशेब काय, त्याचा लाल टेप बघून चेहरा कसा होईल तेच डोळ्यांपुढे.

१७ एप्रिल

पुन्हा कापली!!

आणि माझा लाल टेप नीट सोडवून, गुंडाळी करून, खिडकीत ठेवलेला. एवढा राग आला — आणि खोटं कशाला लिहू, इतकं बरं वाटलं की तिथेच फळीवर बसून एकटीच हसले. भांडतोय माझ्याशी! चार वर्षांनी का होईना, भांडतोय.

तसा तो येऊन गेल्याचं नेहमीच कळतं. दोरांची वेटोळी त्याच्या पद्धतीची. कप पालथा. उशा उन्हाला. मी आल्यावर आधी तेच बघते, बॅग नंतर टेकवते. कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील.

धक्क्यावरच्या राखणदाराला सहज विचारल्यासारखं विचारलं, "साहेब येऊन गेले वाटतं?"

"गेले ना, ताई."

"कसे आहेत?"

तो हातातला दोर गुंडाळू लागला. "बरे आहेत. थोडे बारीक झालेत."

बारीक! वहिनीचं लक्ष कुठे असतं? जेवायला बसला की तिसरी पोळी आग्रहानेच वाढावी लागते त्याला, नाहीतर उठतो. मला विचारा ना.

वायर जोडली. या वेळी टेप नाही, चांगला पितळी जोड बसवला. काप म्हणावं आता.

२४ एप्रिल

त्याचा आठवडा. मी घरी. पडदे धुतले. तळ्यावर वारा असेल आज. पहाटे उठून मागच्या फळीवरून धबाक्कन उडी मारत असेल, मोठ्याने ओरडत. लहानपणी आधी मला ढकलायचा, मग स्वतः. नाकात पाणी जायचं. आज कुणी ढकललं असतं तर काय बिघडलं असतं?

१ मे



सकाळी बोकड बघायला शिडी उतरले. एक हात शिडीवर, दुसरा पाण्यात. कोपरापर्यंत झिणझिण्या! दचकून हात काढला. वाटलं, नस दबली. परत घातला — परत तेच. धावत वर गेले आणि धक्क्यावरचा प्लग उपटला.

करंटमामांना बोलावलं. धक्क्यावरच्या सगळ्या बोटींची वायरिंग तेच बघतात. फळी उचलली. पितळी जोड उघडून वायर बाजूला करून ठेवलेली. मामा गिझर उघडून बसले, मीटर लावला. 

गिझरची कॉइल फुटली आहे. "इंजिन, दांडा, शिडी, सगळं लोखंड-पितळ एकमेकांना बांधलेलं असतं," मामा म्हणाले. "गिझरचा करंट त्या सगळ्यात आला. हिरवी वायर असती तर जमिनीकडे गेला असता, बटण पडलं असतं, विषय संपला. वायरच नाही, मग जाणार कुठे? पाण्यात."

"पण वायर कापतात कशाला?"

"बोकड वाचवायला! त्या हिरव्या वायरीतून सगळ्या बोटी एकमेकींना जोडल्या जातात. शेजाऱ्याचा पंखा तुमच्या बोकडावर जगतो. मग लोक देतात कापून. त्याला डबी मिळते एक, वायरीत बसवायची. बारीक करंट अडवते, मोठा सोडते. पण कापणं सोपं ना!"

मग आवाज उतरला त्यांचा. "पोहता का तुम्ही कुणी इथे? असल्या पाण्यात हातपाय गळतात, ताई. ओरडताही येत नाही."

 दादा!

गेल्या आठवड्यात पोहला असेल का? पोहला असेल तर... नाही. काही झालं असतं तर कळवलं असतं मला. कळवलं असतं ना?

उद्यापासून त्याचा आठवडा. आल्या आल्या प्लग लावणार, चहा टाकणार. गिझर आज बाद केला, डबी मामा आणून बसवणार आहेत. पण हा परत कापेल! चिठ्ठी ठेवू? माझं अक्षर दिसलं की वाचणारच नाही. राखणदाराला म्हटलं, साहेबांना नीट समजावून सांग. त्याचा चेहराच उतरला. "ताई, तुम्हीच सांगा त्यांना."

सगळे मलाच शिकवा!

पण खरं आहे. मीच सांगायला हवं. शिव्या दे म्हणावं, फोन आपट, पण पाण्यात उतरू नकोस.

त्याच दिवशी, संध्याकाळ

नंबर काढला. भांडी घासली. परत नंबर काढला. काय म्हणू आधी? "मी बोलतेय"? आवाज ओळखेल का?

उद्या सकाळी. तो निघायच्या आत.

२ मे

फोन वहिनीने उचलला. मी एका दमात सगळं ओतलं — वायर, गिझर, पोहू नको म्हणावं त्याला. ती म्हणाली, "अगं, ते बोटीवर जातच नाहीत. पहिल्या उन्हाळ्यात एकदा गेले. बाबांशिवाय तिथे बसवेना, तसेच परत आले. तेव्हापासून राखणदाराला सांगून ठेवलंय, मी येऊन गेलो असं वाटलं पाहिजे. म्हणतात, तिला तिथे एकटं वाटायला नको."

म्हणजे वायर राखणदाराने कापली, बोकड वाचवायला. भांडत कुणीच नव्हतं माझ्याशी.

मी म्हटलं, "वहिनी, दादाला दे फोन."