अर्जाची शेवटची तारीख

बाई, काल सकाळी मुंबईच्या परीक्षा केंद्रातल्या एका मुलीने मला फोनवर सांगितलं की माझ्या परीक्षेच्या अर्जाची तारीख गेली. मला वाटलं, ती खोटं बोलते आहे. तसं वाटायला कारण आहे, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली.

आधी परीक्षेचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल मुद्द्यावर ये. हल्ली बँकांमध्ये आणि कारखान्यांमध्ये कॉम्प्युटर एकमेकांना तारांनी जोडलेले असतात. ती जोडणी करायची आणि शिकवायची तर ज्या कंपनीची ती पद्धत, तिचं प्रमाणपत्र लागतं. ते माझ्याकडे आहे. जळगावातल्या माझ्या क्लासच्या पाटीवर 'मान्यताप्राप्त केंद्र' हे दोन शब्द आहेत ते त्याच्यामुळे. पण टायपिंगचं सर्टिफिकेट जसं एकदा काचेत घालून भिंतीला लावलं की जन्माचं काम झालं, तसं याचं नाही. कंपनी दोन-तीन वर्षांनी नवी आवृत्ती काढते, जुनीची परीक्षा बंद करते आणि पाकीट पाठवून कळवते की अमुक तारखेच्या आत अमुक पेपर द्या, नाहीतर तुमचं प्रमाणपत्र रद्द. यापूर्वी दोनदा दिले. या खेपेला दोन पेपर होते. पहिला दिवाळीआधी सुटला. दुसऱ्यात नापास झाले. तो पेपर महिनाअखेर कायमचा बंद होतो आहे, आणि तोवर सुटला नाही तर पहिलाही वाया जातो, प्रमाणपत्र जातं, पाटीवरचे ते दोन शब्द पुसावे लागतात. मग उरतो तो नुसता क्लास. तसे आता प्रत्येक चौकात आहेत.

नापास झाले तो दिवस सांगते. परीक्षा कॉम्प्युटरवरच असते. एक प्रश्न येतो, उत्तर दिलं की तो जातो, मागे वळून दुरुस्ती नाही. शेवटचं उत्तर दिल्यावर क्षणभराने पडद्यावरच निकाल येतो. शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा पास झाला, त्याने हात वर केले. मी पर्स उचलून बाहेर आले. जळगावला परतल्यावर कुणी काही विचारलं नाही, कारण कुठे गेले होते तेच कुणाला ठाऊक नव्हतं. क्लासमध्ये सांगून गेले होते, नाशिकला लग्न आहे. या परीक्षेचा अभ्यास करणारे गावात आणखी दोघे होते, त्यातला एक पुण्याला गेला, दुसरा दुबईला. माझं उत्तर बरोबर की चूक, हे विचारायला आता माणूस नाही. मी स्वतःच प्रश्न टाइप करून ठेवते, आठ दिवसांनी स्वतःच सोडवते आणि तुमच्यासारखी लाल पेन्सिल घेऊन स्वतःच तपासते. पहाटे स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे चालतं. कुकरची शिट्टी झाली की पेपर संपला असं धरायचं. स्वतःला गुण देताना मी हात आखडता घेते, हे तुम्हाला सांगायला नको.

तर काल फोन केला. म्हटलं, तुमच्या पत्राप्रमाणे अजून दोन आठवडे आहेत. ती मुलगी म्हणाली, "बुकिंग बंद झालंय मॅडम. तुम्ही सरळ नवीनच द्या ना. जुनं आता शिकून काय करणार?" आवाज गोड होता. मी फोन ठेवला आणि बूथवाल्याने दिलेलं बिल हातात घेऊन तिथेच उभी राहिले. हे वाक्य माझं आहे, बाई. मी ते तुम्हाला म्हटलं होतं.

बी.एस्सी. झाल्यावर वडिलांनी मला तुमच्याकडे आणून सोडलं, तो दिवस आठवतो. धुळ्याची पाचवी गल्ली, खाली पिठाची गिरणी आणि वर तुमची सात मशीनं. जिन्यावर पिठाचा थर असायचा. गणितात पहिली आलेली मुलगी म्हणून वडील माझं कौतुक करत होते आणि तुम्ही माझी नखं बघत होतात. नखं कापून ये, म्हणालात, आणि मग बस. तुमच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली झाकणं कीबोर्डवर पसरलेली, त्यांच्याखाली हात घालून टाइप करायचं, अक्षरं दिसता कामा नयेत. मान खाली गेली की तुम्ही मागून येऊन खांद्यावर दोन बोटं ठेवायच्या. तुम्ही एरवी शुद्ध बोलायच्या, पण हे मात्र नेहमी अहिराणीत: "हात आठे, डोया तठे." हात इथे, डोळे तिथे, कागदावर. दाराशी एक लांब वही असायची. रिबन, खोडरबर, कार्बन, जे काही घ्याल ते त्या वहीत लिहायचं. तीन रकाने होते, दिलं, घेतलं, राहिलं, आणि शेवटी सही. परीक्षेच्या दिवशी आमची मशीनं हातगाडीवर बांधून शाळेच्या हॉलपर्यंत न्यायची, गाडीमागे तुम्ही चालायच्या, एक हात कुठल्यातरी मशीनवर ठेवून. लोक विचारायचे, बाई, बिऱ्हाड बदललं का? तुम्ही म्हणायच्या, हो, दर सहा महिन्यांनी बदलते.

मग मी जळगावच्या एका बँकेत लागले. बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा पुण्याला जाऊन शिकले, आणि नोकरी सोडून कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एका संस्थेची शाखा काढली. तुमचं पहिलं कार्ड आलं ते शाखेच्या पत्त्यावर. एकच प्रश्न होता, कॉम्प्युटरच्या कीबोर्डची लांबी-रुंदी किती इंच. मी तेवढंच उत्तर लिहून पाठवलं. कशाला हवं, हे विचारलं नाही.

संक्रांत होऊन गेली होती. तुम्ही एसटीने आलात, पारोळ्याच्या रस्त्याची धूळ पांढऱ्या लुगड्यावर तशीच होती. तेव्हा आमच्याकडे मशीनच्या खोलीत चपला चालत नसत. तुम्ही दाराशी वहाणा काढल्या आणि म्हणालात, "देवळात चपला चोरीला जातात. इथे काय जातं?" मुलं हसली, मीही हसले. वातानुकूलित खोलीतल्या गार फरशीवर तुम्ही अनवाणी उभ्या राहिलात आणि मी शिकवत होते ते बघत राहिलात. मी मुलांना एक पत्र टाइप करून दाखवत होते. एकदम खांद्यावर दोन बोटं आली. "डोया तठे," तुम्ही म्हणालात. वीस मुलं बघत होती. मी कीबोर्डकडे बघून टाइप करत होते, हे खरं होतं. कॉम्प्युटरवर चूक पुसता येते, त्यामुळे सगळ्यांचीच मान खाली जाते, माझीही गेली होती. मी उठले आणि म्हटलं, बसा बाई, तुम्हीच दाखवा.

तुम्ही बसलात. मुलांनी तसा वेग कधी पाहिला नव्हता. मग आकडे आले. तुमच्या मशीनांवर एकचा आकडा नव्हताच, इंग्रजी छोटा एल मारून भागवायचं, तुम्हीच आम्हाला ते शिकवलं होतं. तुम्ही इथेही एल मारलात. कॉम्प्युटरने टूं असा आवाज केला. पुन्हा मारलात, पुन्हा टूं. तुम्हाला कळेना काय चुकलं. मला पहिल्याच वेळी कळलं होतं. मी तिसऱ्यांदा आवाज होऊ दिला, मग सांगितलं. मुलं हसत होती, त्यांना गप्प केलं नाही.

नंतर माझ्या खोलीत तुम्ही डबा उघडलात. कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता, अर्धी भाकरी माझ्यापुढे ठेवलीत आणि जेवता जेवता सांगितलंत की मुली जिना चढून येतात, कॉम्प्युटर आहे का विचारतात आणि परत उतरतात. सातातली चार मशीनं झाकलेलीच असतात. भाऊ एक कॉम्प्युटर घेऊन द्यायला तयार आहे, पण संस्था केंद्र देते ते तिचं सर्टिफिकेट असणाऱ्यालाच. तुम्ही पिशवीतून अर्ज काढलात. कुणाकडून तरी मागवून, टाइप करून, दोन फोटो टाचणीने लावून आणला होता. "मला परीक्षेला बसव," म्हणालात. अठ्ठावन्नाव्या वर्षी. ज्यांच्या हाताखालून निम्मं धुळं पास होऊन गेलं त्या बाई माझ्याकडे परीक्षेला बसवायला सांगत होत्या, आणि माझ्या डोक्यात एवढंच होतं की आता रोज माझ्या मागे या उभ्या राहणार. मी म्हटलं, तारीख गेली. ही परीक्षाच बंद होते आहे, जूनमध्ये नवी येईल, तिला बसा. "जुनं आता शिकून काय करणार, बाई?"

"गेली तारीख?" तुम्ही विचारलंत.

"गेली."

तुम्ही मान हलवलीत. मी अर्ज परत करायला लागले तर म्हणालात, "तुझ्याकडेच राहू दे. जूनला पुन्हा फोटो काढायला नकोत." आणि बंद होणारा अभ्यासक्रम का होईना, वाचायला मागितलात. मी झेरॉक्स प्रत दिली. उठताना पिशवीतून घडी केलेलं कापड काढून टेबलावर ठेवलंत. कीबोर्डचं झाकण होतं, माझ्या इंचांच्या मापाने शिवलेलं. तुझ्या पोरांना लागेल, म्हणालात. मी ते आजवर कोणत्याही मशीनवर घातलं नाही.

वैशाखात तुम्ही गेलात. तेराव्याला धुळ्याला आले तेव्हा पाचव्या गल्लीतली मशीनं आधीच विकली गेली होती. तुमच्या भावजयीने एक पुठ्ठा माझ्या हातात दिला. तुम्ही त्याच्यावर कॉम्प्युटरचा कीबोर्ड काढला होता, खऱ्या मापाचा, एकही कळ न सोडता. मधल्या ओळींतली अक्षरं बोटांनी पुसट झाली होती. एकच्या आकड्याभोवती लाल पेन्सिलीचा गोल होता. भावजय म्हणाल्या, "अक्का रोज सकायमा बठेत. म्हनेत, जूनमा मनी परीक्षा शे." तुम्ही रोज सकाळी त्याच्यावर बसायच्या आणि म्हणायच्या, जूनमध्ये माझी परीक्षा आहे. मी तो पुठ्ठा साडीच्या पदराखाली धरून जळगावच्या बसमध्ये बसले.

उद्या मी मुंबईला जाणार आहे. फोनवर विश्वास ठेवायचा नाही, काउंटरवर उभं राहून तारीख लेखी दाखवा म्हणायचं. असेल तर पेपर द्यायचा, नसेल तर पाटी उतरवायची. तुम्हीही त्या दिवशी लेखी मागायला हवं होतं. परीक्षेच्या तारखांचं परिपत्रक माझ्या टेबलाच्या काचेखालीच होतं, तुमचा डबा त्याच्यावर ठेवलेला होता. पण तुम्ही मला विचारलंत आणि मी सांगितलं ते खरं धरलंत. शेवटच्या तारखेला अजून एकोणीस दिवस होते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. ज्या खणात तुमच्या बाकीच्या वस्तू आहेत त्याच खणात जाईल. वहीत लिहायचं राहिलं होतं, ते तुमच्या रकान्यांप्रमाणे इथे लिहिते.

दिलं: बंद होणारा अभ्यासक्रम, झेरॉक्स, प्रत एक.

घेतलं: कापडी झाकण एक, न वापरलेलं. पुठ्ठ्याचा कीबोर्ड एक, वापरलेला.

राहिलं: परीक्षेचा अर्ज एक, फोटो दोन, टाचणीसह. मुदतीत मिळाला.