ओडमला बसवा, लव्हेटला आणा

८ सप्टेंबर, रविवार

फुटबॉल सीझनची पहिली मॅच. हरलो. कारण एकच, ओडम.

यंदाचे संकल्प सकाळी आंघोळ करतानाच ठरवले होते. स्टेडियममध्ये ओरडायचं नाही, कारण डॉक्टरने रक्तदाबाचा दम दिलाय. पार्किंगमध्ये शेगडी लावली की एकच सॉसेज खायचं. आणि एमिलशी वाद घालायचा नाही. तिन्ही संकल्प मॅच सुरू व्हायच्या आधीच मोडले, पण त्यात माझी चूक नाही. वाद एमिलने काढला.

मी फक्त एवढंच म्हणालो की ओडम म्हातारा झाला. सेफ्टी म्हणजे सगळ्यांच्या मागे उभा राहणारा गडी. त्याच्या मागे कुणी नसतं. तो हुकला की समोरचा चेंडू घेऊन थेट रेषेपार, टचडाऊन करून नाचायला मोकळा. आणि ओडम तर हल्ली वळेवळेपर्यंत समोरचा नाचून घरी जातो! त्याला बाकावर बसवा आणि लव्हेटला आणा, तो सध्या कुठल्याच टीमकडे नाही. एमिल म्हणाला, लव्हेट? तो काचेचा? त्याला शिंक आली तरी बरगडी मोडते. ओडमने इतक्या वर्षांत एक मॅच बुडवलेली नाही. मी म्हणालो, रोज शाळेत येणारा पोरगा पहिला येतो असं थोडंच आहे. एमिल म्हणाला, साल्या, तुझ्यासारख्याने हजेरीबद्दल बोलू नये.

तो मला साल्याच म्हणतो. माझ्या थोरल्या बहिणीचा, डॉटीचा, नवरा आहे, त्यामुळे मी नात्याने खरोखरच त्याचा साला लागतो. तक्रार करायची सोय नाही.

एमिलने सॉसेज अर्धं टाकलं. मुद्दा वर्मी लागला असणार. वाया जाऊ नये म्हणून मी खाल्लं.

१० सप्टेंबर

रेडिओवरच्या कार्यक्रमाला फोन केला. बराच वेळ ताटकळत ठेवलं. शेवटी लाइन लागली. मी म्हणालो, मी लोरेनहून गस हुडाक बोलतोय, गोदीत क्रेन चालवायचो, आता रिटायर झालोय, माझे चार मुद्दे आहेत. पहिला मुद्दा मांडून होतो न होतो तोच त्यांनी जाहिरात लावली. पण पहिला मुद्दा जोरदार झाला. एमिलने नक्की ऐकला असेल.

१५ सप्टेंबर, रविवार

पुन्हा हार, पुन्हा ओडम. हाफटाइमलाच एमिल म्हणाला, दमलोय रे, निघतो. दमलोय? खुर्चीत बसून? आम्ही दोघं मिळून सीझनची तिकिटं घ्यायला लागलो तेव्हापासून हा माणूस एकदाही शेवटच्या शिट्टीआधी उठलेला नाही. बर्फाच्या वादळात पापण्या गोठल्या तरी उठला नव्हता. ओडमची फजिती बघवेना, दुसरं काय.

संकल्प: ‘गस, तुझं बरोबर होतं’ हे तो स्वतःच्या तोंडाने म्हणेपर्यंत त्याला फोन करायचा नाही.

१८ सप्टेंबर, दुपार

लव्हेटला घेतला! आपल्या टीमने लव्हेटला घेतला!! माझ्या फोनमुळेच असं म्हणत नाही, पण रेडिओ टीमचा मालकही ऐकत असणारच.

लगेच एमिलला फोन लावला. हा फोन संकल्पात धरायचा नाही, ही बातमी होती. डॉटीने उचलला. म्हणाली, झोपलाय. भर दुपारी? मी म्हणालो, उठव त्याला, त्याला आनंद होईल. ती म्हणाली, गस, जरा हळू बोल ना. माझ्या घरात मी कसंही बोलेन!

माणसाने हार मानावी, पण अशी पांघरुणात तोंड लपवून नव्हे.

२० सप्टेंबर, शुक्रवार

दुखापतींचा रिपोर्ट आला. लव्हेट, मांडी, ‘क्वेश्चनेबल’. नवशिक्यांना वाटतं म्हणजे शंका आहे. आपल्याला ठाऊक आहे, क्वेश्चनेबल म्हणजे खेळणारच. ‘डाउटफुल’ आलं तर जरा काळजी करावी. ‘आऊट’ आलं तरच विषय संपला.

२२ सप्टेंबर, रविवार

खेळला! आणि कसा खेळला! आकाशातून पडल्यासारखा आला आणि समोरच्यांचा पास हवेतच उडवला. मी ओरडलो. डॉक्टरला काय कळतंय फुटबॉलमधलं.

एमिल आलाच नाही. पोट बिघडलंय म्हणे. त्याच्या जागी रुडी आला होता. रुडी म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या बारचा मालक, दोघांचाही जुना दोस्त. लव्हेटने पास उडवला तेव्हा मी सवयीने डावीकडे वळून म्हणालो, बघितलंस, गाढवा? रुडीला राग आला. माझं सॉसेजही त्यानेच खाल्लं.

जाताना रुडी म्हणाला, एमिलला जरा बघून ये, परवा बारमध्ये आला होता, पिवळा दिसत होता. मी म्हणालो, तुझ्या बारमधले दिवेच पिवळे आहेत.

४ ऑक्टोबर, शुक्रवार, संध्याकाळ

आज हसून हसून पुरेवाट.

बाहेरून आलो तर फोनवर डॉटीचा निरोप. आवाज बसलेला. ‘गस, रिपोर्ट आला. चांगला नाहीये. तो रविवारी येणार नाही. फोन कर.’ मी धसकलो. लव्हेट! टीव्ही लावला. तर तसं काहीच नाही! पुन्हा मांडी, पुन्हा क्वेश्चनेबल. डॉटीला इतक्या वर्षांत रिपोर्ट वाचता येत नाही, आणि एमिलने मुद्दामच तिला तोंडघशी पाडलेलं दिसतंय.

लगेच फोन केला. कुणी उचलला नाही, म्हणून निरोप ठेवला. म्हणालो, डॉटी, उगाच रडारड करू नकोस, मी रिपोर्ट स्वतः बघितलाय, काही झालेलं नाही त्याला. ही सगळी नाटकं आहेत. तो रविवारी नक्की मैदानात दिसणार, लिहून घे. आणि एमिलला सांग, तुझ्या मनात काय आहे ते मला चांगलं ठाऊक आहे, पण तसं होणार नाही.

छान झाला निरोप. ठाम.

६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी डॉटी चर्चच्या पायऱ्यांवर माझी वाट बघत होती. मी विचारलं, पटलं ना? तिने माझ्या कोटाची बाही धरली आणि म्हणाली, तुझा निरोप एमिलने ऐकला. खूप हसला. मग म्हणाला, या मूर्खाला तूच सांग, माझ्याच्याने व्हायचं नाही.

रिपोर्ट एमिलचा होता. स्वादुपिंडाचा कॅन्सर. यकृतातही गेलाय.

मॅचला गेलो नाही. काय झालं माहीत नाही.

७ ऑक्टोबर

काल नीट लिहिलं नाही. आज शांतपणे विचार केला. डॉक्टर लोक असेच असतात. स्वतःच्या अंगावर नको म्हणून आधीच घाबरवून ठेवतात. डॉटीला फोन करून नेमका शब्द विचारला. डॉक्टर ‘आता काही करता येणार नाही’ असं म्हणालाय का? ती म्हणाली, नाही, औषध देऊन बघू म्हणालाय. मी पुन्हा विचारलं. तिने तेच सांगितलं.

म्हणजे क्वेश्चनेबल. म्हणजे खेळणारच.

संकल्प: नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या मॅचला एमिलला स्टेडियममध्ये न्यायचं. व्हीलचेअरवाल्यांसाठी खाली वेगळी जागा असते, तिथून दिसतंही चांगलं.

१५ ऑक्टोबर

हॉस्पिटलमध्ये गेलो. जाताना ठरवलं होतं की फुटबॉलचं अवाक्षर काढायचं नाही. आजारी माणूस. हवा-पाण्याचं बोलायचं. हवेबद्दल बोललो. सरोवरावरून वारा सुटलाय म्हणालो. एमिलचा चेहरा खरंच पिवळा आहे. हाताला नळी. मनगट केवढंसं झालंय. एके काळी याच हाताने त्याने माझ्या गाडीचं इंजिन एकट्याने उचलून काढलं होतं.

मला ते बघवेना, म्हणून तोंडातून निघून गेलं की लव्हेट मात्र छान खेळतोय.

आणि काय सांगू! माणूस उशीवरून उठला. म्हणाला, छान? साल्या, तो खेळतो कमी आणि मालिश जास्त करून घेतो. पुढच्या महिन्यात तो माझ्या शेजारच्या खाटेवर असेल बघ. त्याला म्हणावं खिडकीकडची जागा माझी आहे. मी म्हणालो, तुझा ओडम तर वॉकर घेऊन पळतो. मग आमची अशी जुंपली की नर्स दार लावून गेली. एमिलच्या गालावर रंग आला. अर्धी वाटी जेली खाल्ली. डॉटी म्हणाली, आठवड्यात पहिल्यांदाच काही खाल्लं.

सापडलं! औषध सापडलं. याला चिडवत ठेवायचं. चिडलेला माणूस मरत नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

औषधयोजना चालू. दर दिवसाआड जातो. नवनवे मुद्दे जमवतो. लव्हेटच्या उडीचे आकडे कागदावर लिहून नेले. एमिलने कागद चुरगाळून माझ्या तोंडावर मारला. नेम चुकला, पण मारला!

आज केमोनंतर जरा मऊ होता. मी लव्हेटचं काढलं तर डोळे मिटूनच म्हणाला, साल्या, घरी जा. ‘साल्या’ म्हणाला म्हणजे तब्येत ठीक आहे. डॉटीला तसं सांगितलं. ती बाहेर निघून गेली. बायकांना या गोष्टी कळायला वेळ लागतो.

१० नोव्हेंबर, रविवार

लव्हेटचा गुडघा गेला. कुणी धक्काही दिला नाही. नुसता वळला आणि खाली बसला. स्ट्रेचर आलं. सीझन संपला. आऊट.

ओडम उठला, हेल्मेट घातलं, आणि मागे जाऊन उभा राहिला. जसा नेहमी राहतो तसा. शेवटी तोच आडवा आला म्हणून जिंकलो.

एमिलचं बरोबर होतं. इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय. पण त्याला सांगायचं नाही. मी मान्य केलं तर तो भांडणार कुणाशी? मी हट्ट धरून बसणार. त्याच्यासाठी.

११ नोव्हेंबर

हॉस्पिटलमध्ये शिरलो ते शिव्या खायच्या तयारीनेच. म्हणालो, गुडघा काय, कुणाचाही जातो. एमिल थोडा हसला. म्हणाला, बिचारा. पोरगं चांगलं होतं.

थकला असेल. उद्या भांडेल.

२१ नोव्हेंबर

डॉटीचा फोन. औषध बंद केलंय. घरी आणतायत. मी म्हणालो, बरं झालं, हॉस्पिटलच्या जेवणाने माणूस खंगतो. ती म्हणाली, गस, तुला कळतंय ना मी काय सांगतेय? मी म्हणालो, कळतंय, व्हीलचेअरच्या जागेचं मी बघतो.

जागेसाठी फोन केला नाही. लाइन बिझी असणार.

२८ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी खाट लावलीय. तिथे पूर्वी सोफा होता. डॉटीने सणाची टर्की केली नाही, चिकनचं सूप केलं. तेही त्याने नुसतं हुंगलं. टीव्हीवर मॅच लावली. मी त्याच्या उजवीकडे बसलो, स्टेडियममध्ये बसतो तसाच.

ओडम मस्त खेळत होता. पहिल्याच क्वार्टरमध्ये त्याने एकाला असा आडवा घातला की मी उठणारच होतो. पण सावरलो. खास जपून ठेवलेला मुद्दा काढला. म्हणालो, लव्हेट असता तर नुसता पाडला नसता, पासच पळवला असता. काहीही म्हण एमिल, ओडमला बसवायलाच हवा होता.

एमिल म्हणाला, हो गस. तुझं बरोबर होतं.

हे ऐकायला मी सप्टेंबरपासून थांबलोय. मला वाटलं टोमणा आहे, पुढचं वाक्य येईल. ते आलं नाही. तो टीव्हीकडेही बघत नव्हता. डॉटीकडे बघत होता. ती त्याच्या पायांवरचं पांघरूण नीट करत होती.

मी घाबरलो. म्हणालो, नाही रे, माझं साफ चुकलं, तूच खरा. लव्हेट काचेचाच होता. ओडमसारखा सेफ्टी होणे नाही. तू पहिल्या दिवसापासून सांगत होतास, मीच गाढव. म्हण मला गाढव.

तो म्हणाला, तेही बरोबर आहे.

डॉटीने विचारलं, टीव्ही बंद करू का? तो म्हणाला, गसला बघू दे. आणि डोळे मिटले. मी त्याचा हात धरला. आजवर कधी धरला नव्हता, तशी वेळच आली नव्हती. गार होता. मग मी पुन्हा लव्हेटची बाजू घेतली, मग ओडमची, मग कोचला शिव्या घातल्या, मग रेफरीला. मॅच संपेपर्यंत भांडत होतो. एकटाच.