वाटीतली बाई

अमरावती, ४ फेब्रुवारी १९६२

सासरच्या घरातली ही पहिली नोंद. श्रीरामाची कृपा. तेल्हाऱ्याहून निघून अकोल्याला मोटार बदलली आणि दिवस मावळायच्या आत इथे उतरले. ह्यांनी टांगा ठरवायला घेतला होता; मी म्हटलं, ट्रंक हलकी आहे, चालत जाऊ. हे हसले. म्हणाले, मॅट्रिक बायको केली ती पुरून उरणार.

घर फुलमळ्यातच आहे. झेंडू, शेवंती, मोगऱ्याचे ताटवे, मधोमध विहीर. रोज सकाळी सासूबाई टोपल्या घेऊन अंबादेवीच्या देवळापुढे बसतात, हे कचेरीत जातात. घरी मी आणि ह्यांची थोरली बहीण माणिकबाई.

माणिकबाईंचं लग्नाआधीच सांगितलं होतं. त्यांना आवाज ऐकू यायचे. आवाज विहिरीकडे बोलवायचे. एकदा काठावरून ओढून आणलं. मग नागपूरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी आवाज थांबले. आता शांत असतात. फारच शांत. हात अंगाला चिकटवून लाकडी बाहुलीसारख्या चालतात, आणि हसल्या तरी चेहरा हलत नाही.

डॉक्टरांनी बजावलं होतं म्हणे, दर महिन्याला दाखवा, गोळी कमीजास्त करावी लागते; अंग ताठलं, ताप आला, घसा धरला, डोळे पिवळे झाले तर लगेच आणा; उन्हात फिरवू नका. वर्ष झालं, कोणी नेलेलं नाही. सासूबाई म्हणतात, मोटारीच्या अड्ड्यावर लोक इचारतात, माणिकले कुठं नेऊन राहिले? जुनी चिठ्ठी दाखवली की दुकानदार गोळ्या देतो. माणिकबाईंना त्या देतात सासूबाई स्वतःच, गोळ्यांच्या कपाटाला कुलूप असतं.

११ फेब्रुवारी

इथे आरती दिवेलागणीला होते. सासूबाई शिरा फार छान करतात. सगळ्यांना हातावर प्रसाद, माणिकबाईंना मात्र वेगळी पितळी वाटी. आरती झाली की सासूबाई माळा ओवायला ओसरीवर जातात. आज माणिकबाईंनी अर्धी वाटी माझ्याकडे सरकवली. प्रसाद टाकू नये ही आमच्या घरची शिस्त, असं त्यांना सांगून मी संपवली. लवंग जरा जास्तच पडते वाटतं, जीभ बधिर झाली. लवंग काय स्वस्त आहे? एकदा हळूच सुचवलं पाहिजे.

२० फेब्रुवारी

झोप फार येते. आज ऊन अंगणात येईपर्यंत जाग नाही. सासूबाईंनी शेजारच्या गोदाबाईंना ऐकवलं, आमची शिकेल सून, कोंबडे आरवून थकले पर ही घोरूनच राहिली.

माणिकबाई पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या. वाटीत एक बाई असते म्हणे. ती घशातून अंगात उतरते, हाताची लाकडं करते, मग आपल्याच डोळ्यांतून पाहत बसते. मी म्हटलं, प्रसादात असं काही नसतं. तर वाटी माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, मंग तूच खा, वैनी.

खाल्ली. त्यांना तेवढाच धीर.

४ मार्च

आता वाटी पूर्ण माझ्याकडेच येते. नको म्हणवत नाही, देवाचं आहे. माणिकबाईंत केवढा फरक पडला! वेणी घालतात, ओव्या गुणगुणतात, हात झुलवत चालतात. सासूबाई म्हणतात, अंबामायनं ऐकलं.

पण दुपारी विहिरीपाशी त्या कोणाशी तरी बोलत होत्या. मधेच थांबून, ऐकून, मान डोलावून. तिथे कोणी नव्हतं.

मी थोडा वेळ उन्हात फुलं तोडली तर तोंड भाजल्यासारखं काळंठिक्कर पडलं. तांदूळ निवडताना बोटं थरथरतात. अक्षर बारीक येतं आहे. शाळेत माझ्या अक्षराला बक्षीस होतं.

१३ मार्च

आज कुंकू लावताना आरशात माणिकबाई दिसल्या. तोच न हलणारा चेहरा. मागे वळून पाहिलं, कोणी नाही. मग आरशातल्या बाईच्या कपाळाला कुंकू लागलं.

ती मीच होते.

चालताना हात हलत नाहीत. आणि बसवतही नाही, पायांत किडे वळवळतात, दिवसभर तुळशीभोवती फिरते. ओठांतून लाळ गळते. गोदाबाई म्हणाल्या, माणिकचं वारं हिले लागलं.

जपाला बसले. रामनाम येतं, पण कोणीतरी दुसरीच म्हणते आहे असं —

१७ मार्च

मान आपोआप मागे गेली. डोळे वर आढ्याला खिळले, खाली येईनात. मला सगळं समजत होतं. सासूबाईंनी अंगारा लावला. बऱ्याच वेळानं सुटलं.

माणिकबाई उंबऱ्यात बसून बघत होत्या. म्हणाल्या, आली ना बाई?

१९ मार्च

कळलं. वेलची कुटायला खलबत्ता घेतला, तळाशी पांढरी पूड, गोळीच्या रंगीत सालीचा तुकडा. चाटून पाहिली. कडू. जीभ बधिर.

लवंग नव्हती.

सासूबाईंनी लपवलं नाही. गोळी म्हटली की माणिक थुंकते, देवाचं म्हटलं की खाते, मंग काय करू माय? मी सांगितलं, तिचं मी खाते आहे. जीभ जड, शब्द नीट निघेनात. त्या म्हणाल्या, माणिक तर बरी होऊन राहिली, मंग खाते कोन?

बरी नाही. गोळी पोटात नाही म्हणून बोलते, फिरते. आवाज परत आलेत.

आरतीनंतर मी प्रसादाला हात लावला नाही. जन्मात पहिल्यांदा. सासूबाई ह्यांना हळूच म्हणाल्या, याड लागलं तवा माणिकनंही पयल्यांदा असंच देवाचं लोटलं होतं.

२१ मार्च

आता दोन वाट्या. एक माझ्या नावाची. ह्यांनी जबडा धरला. ह्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, तुझ्याच भल्यासाठी.

मग ते गेले. माणिकबाईंनी आपलीही वाटी मलाच भरवली. म्हणाल्या, टाकू नये वैनी, तूच तं म्हनत होती.

२४ मार्च

बोलता येत नाही — दात आवळलेले. ही वही ह्यांच्या हातात दिली. असं लिहून त्यावर बोट ठेवलं: अहो वाचा — दोन्ही वाट्या मीच — नागपूरला न्या — दोघींना न्या —

ह्यांनी वही उजेडात धरली. खूप वेळ पाहिलं. म्हणाले, कौशल्या, हे अक्षर नाही गं, मुंग्या चालल्यात. आणि रडले. वही उशाला ठेवली.

२६ मार्च

ताप. अंग दगड. माणिकबाई दिवसभर विहिरीशी बोलतात. आज मोठ्यानं. हो, म्हणतात. आणते, म्हणतात.

२७ मार्च

सासूबाई देवळात. हे कचेरीत.

माणिकबाई आल्या. माझी वेणी घातली. कुंकू लावलं. फार मायेनं. म्हणतात, ही वाटीतली बाई इथली नाही, पाण्यातली आहे, ते विहिरीतले सांगून राहिले, तिले घरी नेऊन दे —

मी कौशल्या — तोंड उघडत नाही —

हात धरला. पाय उठतात. जिकडे नेलं तिकडे चाल

वही सोड म्हणते — ऊन — मोगऱ्याचा वास — राम रा