पहिली अट

११ फेब्रुवारी
दिवसभर डेपोत चालकांच्या पाळ्या लावल्या आणि घरी येऊन बाबांच्या लावायला बसले! ते न्हाणीघरात घसरल्यापासून डॉक्टरांनी बजावलंय — एकटं ठेवू नका. म्हणून संगणकात पहिली अट तीच घातली: बाबांजवळ रोज कोणीतरी हवंच. खाली दादाच्या अटी, ताईच्या अटी. वहिनीच्या तर मारुतीच्या शेपटासारख्या वाढतच गेल्या. माझी एकच — मुख्य नियोजकाचं पद मिळतंय, रोज पूर्ण वेळ हजर राहायला हवं. बारा वर्षं वाट बघितलीय त्याची.

१२ फेब्रुवारी
संगणक म्हणतो, उत्तर नाही. सगळे आपापल्या जागी बरोबर, आणि उत्तर नाही!

१४ फेब्रुवारी
बाबांनी जन्मभर कॉलेजात गणित शिकवलं. माझ्या कामाला ते ‘वाणसामानाचं गणित’ म्हणतात. आज मात्र चष्मा शोधून पडद्यासमोर बसले. चहा गार झाला. मग टेबलावर थाप!

“सोमवार, बुधवार, गुरुवार बघ. दिवस तीन, आणि त्या तिन्हींत मोकळी माणसं दोनच, तीही एकेका दिवसापुरती. संपलं! उत्तर असूच शकत नाही.”

चेहरा असा खुललेला कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. मी भडकलेच. “बाबा, तुम्हाला सांभाळणं आम्हाला जमत नाही, हे सिद्ध केलंत तुम्ही. हसताय काय?”

“छान जमलं म्हणून हसतोय गं.”



१५ फेब्रुवारी
सकाळी त्यांनीच विषय काढला. “उत्तर नाही असं ठरलं की आम्ही फळा पुसून घरी जातो. तुम्ही लोक काय करता?”

“एखादी अट सैल करतो. कुठली, ते ज्याचं त्याला विचारून.”

“मग मला कुठे विचारलंस?”

खरंच की! सगळ्यांना विचारलं, त्यांना सोडून. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“पहिली काढ,” म्हणाले, आणि वर्तमानपत्र उघडून बसले.

काढून बघितली. पापणी लवायच्या आत उत्तर आलं. उत्तर आल्याचं इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं.

१७ फेब्रुवारी
पहिली परत घातली. माझी काढली. ऑफिसात ‘नको’ म्हणून कळवलं — हळहळ वाटली, खूप वाटली. उत्तर आलं.

बाबांनी एवढंच विचारलं, “उत्तर आहे, ठीक. पण हे एकच आहे का?”

“एकच,” मी ठोकून दिलं.

त्यांनी पडताळून बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा!